जुना ट्यूब गिटार ॲम्प घेताना आणि दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे फेंडर कंपनीचा १९७४ चा एक सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलचा) डिलक्स रिव्हर्ब ॲम्प आहे, तो एकदा चार जणांना ऐकवला आणि तेव्हापासून लोकांचे मेसेज थांबतच नाहीयेत, कुणाला घ्यायचाय, कुणी घेऊन बसलाय आणि तो घुमतोय, कुणाच्या मामाने न्यूजर्सीहून आणलाय आणि आता प्लग कुठे लावायचा कळत नाहीये. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. बरीचशी उत्तरं फेंडरवर आहेत कारण मी तेच उघडलेत, बाकीच्यांचं जिथे वेगळं आहे तिथे लिहिलंय. आणि हो, स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी प्रश्न ८ वाचा, तो वगळून पुढे जाऊ नका.

१. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तेच ना? मग त्यात एवढं काय?

तेच. रेडिओवाले व्हॉल्व्ह म्हणतात, गिटारवाले ट्यूब म्हणतात, वस्तू एकच. फरक वापरात आहे. रेडिओत आवाज फाटू नये म्हणून धडपड असते आणि गिटारमध्ये तो थोडा फाटलेलाच हवा असतो. ट्यूब एकदम कचकन फाटत नाही, हळूहळू दबत जाते, म्हणजे हलकं वाजवलं की स्वच्छ आणि तार जोरात ओढली की खरखरीत, सगळं बोटात. दुसरी गोष्ट म्हणजे जुने ॲम्प हाताने जोडलेले असतात, एका बोर्डावर सगळे पार्ट डोळ्याला दिसतात, त्यामुळे पन्नास वर्षांनीही दुरुस्त होतात.

माझं मत एका वाक्यात सांगतो, पुढे परत परत येईलच: जुना ॲम्प घेताना तुम्ही ट्रान्सफॉर्मर आणि खोकं विकत घेत असता. ट्यूब, कपॅसिटर, वायर हे चपलेच्या अंगठ्यासारखं आहे, तुटणारच, बदलायचं.

२. पहिला जुना ॲम्प कुठला घेऊ? फेंडरचा ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलचा) घ्या असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात म्हणूनच त्याची किंमत तशी आहे. गोष्ट अशी की लिओ फेंडरने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी अमेरिकेतल्या सीबीएस या रेडिओ-टीव्ही कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली आणि तेव्हापासून "सीबीएस आलं आणि माती झाली" ही कथा चालू आहे. पण काळ्या पॅनेलचे ॲम्प त्यानंतरही १९६७ पर्यंत निघत होते आणि १९६८ पासून चंदेरी पॅनेल आलं तेव्हा डिलक्स रिव्हर्ब आणि प्रिन्स्टन रिव्हर्बच्या सर्किटमध्ये फार काही बदललं नाही. म्हणून माझ्या मते सत्तरच्या दशकातला सिल्व्हरफेस डिलक्स किंवा प्रिन्स्टन घ्या, सत्तरच्या शेवटी आलेला १३५ वॉटचा ट्विन मात्र पाठीचं दुखणं असेल तर लांबूनच बघा.

घरात वाजवायला फेंडरचा चॅम्प साधारण ५ वॉट, प्रिन्स्टन १२ च्या आसपास, डिलक्स २२. वॉट कमी म्हणजे आवाज कमी असं समजू नका, ५ वॉटचा चॅम्पसुद्धा वन बीएचकेत शेजाऱ्यांना उठवतो. ब्रिटिश बाजूला व्हॉक्स एसी-३० (पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या बाजूला क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे ज्या खोक्यांच्या भिंतीसमोर उभा राहायचा ते हेच) आणि मार्शल. मार्शलचा पहिला ॲम्प जेटीएम-४५, लंडनच्या हॅनवेलमधल्या दुकानात १९६२ मध्ये तयार झाला आणि तो फेंडरच्या बेसमन ॲम्पवरूनच घेतलेला होता, त्यामुळे एक समजला की दुसरा अर्धा समजतो.

३. विकणारा म्हणतो १९६५ चा आहे. खरं की खोटं कसं ओळखायचं?

तोंडावर नाही, आकड्यांवर विश्वास ठेवा. ट्रान्सफॉर्मरवर एक कोड असतो, त्यातले पहिले तीन आकडे कंपनी, मग वर्षाचा आकडा, मग आठवडा. ६०६ म्हणजे शूमाकर, तर ६०६४२३ म्हणजे "४" साली २३ वा आठवडा. आता ते ६४ की ७४ हे बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. स्पीकरवर २२० असेल तर जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस, ६७ एमिनन्स. पोटेन्शिओमीटरच्या (पॅनेलवरचं फिरवायचं बटण ज्यावर बसतं त्याच्या) पाठीवर पण १३७७४३२ असं काहीतरी असतं, म्हणजे सीटीएस, १९७४, ३२ वा आठवडा. शिवाय साठच्या दशकातल्या बऱ्याच ॲम्पच्या आत ट्यूबचा तक्ता चिकटवलेला असतो त्यावर दोन अक्षरांचा शिक्का, पहिलं अक्षर वर्ष (ए म्हणजे १९५१, तिथून मोजत ओ म्हणजे १९६५) आणि दुसरं महिना. "ओडी" म्हणजे एप्रिल १९६५.

यात सगळ्यात नवीन तारीख धरायची, जुनी नाही. पार्ट गोदामात पडून असायचे, त्यामुळे ॲम्प त्यानंतर काही आठवडे-महिन्यांनी बनलेला असतो. आणि सगळे आकडे ७४ चे आणि एकच ट्रान्सफॉर्मर ८५ चा असेल तर तो बदललेला आहे, किंमत त्याप्रमाणे पाडून मागा.

४. बघायला गेल्यावर नक्की काय तपासू? मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही.

आपली गिटार आणि आपली केबल न्या. किमान अर्धा तास वाजवा, पाच मिनिटांत सगळे ॲम्प चांगले वाटतात, खरी नाटकं तापल्यावर सुरू होतात. लाइट कमी करून मागून बघा, ट्यूबच्या आतलं फिलामेंट केशरी दिसणारच, काचेवर निळसर झाक आली तरी चालते, पण आतला करडा पत्राच (प्लेट) लाल व्हायला लागला तर लगेच बंद करायला सांगा (का ते प्रश्न १३ मध्ये). बंद करून प्लग काढल्यावर पॉवर ट्रान्सफॉर्मरवर बाहेरून हात ठेवा, गरम चालेल, पण बोटं टेकवून ठेवता येत नसतील किंवा जळका वार्निशचा वास येत असेल तर निघा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने छोट्या ट्यूबवर हलकेच टकटक करा, स्पीकरमधून टण्ण वाजलं तर ती ट्यूब गेली, पण ती फक्त ट्यूब आहे, त्यावरून सौदा मोडू नका.

आणि आतला फोटो मागा. हा एक फोटो दहा मिनिटांच्या गप्पांपेक्षा जास्त बोलतो. ट्रान्सफॉर्मरच्या वायरी मध्येच तोडून टेपने जोडल्यात का, डाग (सोल्डर) ढेकळांसारखे आहेत का, पॅनेलला कुणी जास्तीचं भोक पाडलंय का. भोक बुजत नाही.

५. "एकच मालक, कधी उघडलाच नाही, सगळं ओरिजिनल" असा मिळतोय. लॉटरी ना?

अर्धी. कुणी आत घाण केलेली नाही ही चांगली बातमी, पण आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पन्नास वर्षांचे आहेत म्हणजे ते बदलायचेच आहेत, आणि वायर दोन पिनांची असेल तर तीही (प्रश्न ९). म्हणजे सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करून बोला. काढलेले पार्ट पिशवीत घालून, तारीख लिहून, कॅबिनेटच्या तळाशी ठेवून द्या, पुढे विकताना लोक विचारतात. सिग्नलचे निळे कपॅसिटर मात्र उगाच "अपग्रेड" करू नका, चांगले असतील तर तेच तुमच्या ॲम्पचा आवाज आहेत.

६. ताई अमेरिकेहून येतेय, तिच्या बॅगेतून आणता येईल का?

ताईवर अवलंबून आहे. डिलक्स रिव्हर्ब साधारण १९ किलो, प्रिन्स्टन १५-१६, ट्विन जवळजवळ ३०, आणि एका बॅगेला बहुतेक ठिकाणी २३ किलो चालतात. त्यामुळे ट्विन विसरा. सगळ्या ट्यूब काढून कपड्यात गुंडाळून वेगळ्या द्यायच्या, जागा नंबर लावून लिहून ठेवा. बिल जवळ ठेवायला सांगा, कस्टमला आकडा कागदावर दाखवता आला पाहिजे.

मी वेगळंच केलं. माझा डिलक्स फक्त चॅसी म्हणून आला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पॅनेल आणि आतलं सर्किट, लाकूड आणि स्पीकर तिकडेच विकले. इथे सुताराकडून पाइनवुडचं खोकं करून घेतलं, मापं दिली, कोपऱ्यात कंगव्यासारखे सांधे हवेत हे तीन वेळा सांगितलं तरी त्याने पहिल्या वेळी खिळेच ठोकले. दुसरं खोकं बरोबर आलं. कलेक्टर लोक नाक मुरडतात, पण मला वाजवायचाय, कपाटात ठेवायचा नाहीये.

७. अमेरिकन ॲम्प आपल्या २३० वर कसा चालवायचा? आणि ५० हर्ट्झने काही होतं का?

थेट लावला तर पहिल्याच सेकंदाला फ्यूज जाईल, आणि फ्यूजच्या जागी कुणी तार गुंडाळली असेल तर ट्रान्सफॉर्मर जाईल. स्टेपडाउन, म्हणजे २३० चे ११०-१२० करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. हेअर ड्रायरसाठी मिळणारे छोटे हलके कन्व्हर्टर अजिबात नको, लोखंडी गाभ्याचा खरा ट्रान्सफॉर्मर घ्या, डिलक्सला ३०० व्हीए, ट्विनला ५०० च्या वर.

आता हर्ट्झ. तुमचा जुना फेंडर ११७ व्होल्ट ६० हर्ट्झसाठी बनलाय. ५० वर त्याच व्होल्टेजला गाभ्यावर २० टक्के जास्त ताण येतो आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. म्हणून स्टेपडाउन १२० चा नको, ११० चा घ्या: ताण १३ टक्क्यांवर येतो आणि ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी ५.९ व्होल्ट मिळतात, जे दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसतं. अजून खाली, १०० वर न्यावं असं काहींना वाटतं, पण मग फिलामेंट ५.४ वर येतं आणि ट्यूब उपाशी राहते. शिवाय आपल्याकडे रात्री मेन २४० पर्यंत चढतो तेव्हा तुमचे ११० चे ११५ झालेले असतात, म्हणून खाली जागा ठेवलेली बरी.

अजून एक, आणि हे जवळजवळ कुणी तपासत नाही. स्वस्त स्टेपडाउनच्या सॉकेटला तिसरं भोक असतं पण आत ते कशालाच जोडलेलं नसतं. म्हणजे ॲम्पला तीन पिनांची वायर लावूनही अर्थिंग नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून स्टेपडाउनच्या प्लगच्या जाड पिनेपासून ॲम्पच्या चॅसीपर्यंत बीप येतो का बघा. नाही आला तर उघडून अर्थची वायर ओढून घ्या.

ब्रिटिश व्हॉक्स-मार्शल मूळचे २३०-२४० चे, ते इथे थेट चालतात, फक्त मागचा व्होल्टेज सिलेक्टर कुठे आहे ते आधी बघा. फेंडरचे एक्सपोर्ट मॉडेलही अशा सिलेक्टरसकट मिळतात, मिळाला तर सोडू नका.

८. मी स्वतः उघडू का? मोबाईल, पंखे वगैरे दुरुस्त करतो मी.

पंखा बंद केला की बंद असतो, हा नसतो. डिलक्सच्या आत ४०० च्या वर व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढून बाजूला ठेवल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (प्रश्न ५ मधले मोठे इलेक्ट्रोलिटिक) तो बसून राहू शकतो. यात माणसं मेलेली आहेत, घाबरवत नाहीये, सांगतोय.

पद्धत अशी. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण नाही. एक १०० किलोओहम, किमान ३ वॉटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन असलेल्या क्लिपा. एक क्लिप चॅसीला, दुसरी कपॅसिटरच्या प्लसला, अर्धा मिनिट धरा, मग मल्टिमीटरने मोजा, पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात नाही. प्रत्येक कपॅसिटरला वेगळं. काम चालू असताना एक हात खिशात, पायात रबरी चप्पल, अंगठ्या-कडी काढलेली, आणि घरात दुसरं कुणीतरी जागं. चालू ॲम्पमध्ये मोजायचं असेल तर आधी क्लिप लावा, मग चालू करा, मग हात न लावता वाचा. स्क्रू-ड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करून ठिणगी उडवणारे काका प्रत्येक मार्केटात आहेत, त्यांचं बघून करू नका.

हे वाचून पोटात गोळा आला तर व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारा जुना मेकॅनिक शोधा, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजूला, पुण्यात बुधवार पेठेत विचारत गेलात की पत्ता लागतो. त्यांना गिटार कळली नाही तरी सर्किट आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

९. वायर दोन पिनांची आहे आणि गिटारच्या तारांना हात लावला की मुंग्या येतात. नॉर्मल आहे?

नॉर्मल होतं १९६५ मध्ये, आता नाही. जुन्या अमेरिकन ॲम्पमध्ये मागे एक ग्राउंड स्विच असतो आणि त्याला जोडलेला साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मेन आणि चॅसीच्या मध्ये बसलेला असतो. तो शॉर्ट झाला की मेनचा करंट चॅसीवर, तिथून केबलने गिटारच्या तारांवर, तुमचा दुसरा हात माइकवर, संपलं. तिकडचे टेक्निशियन त्याला सरळ डेथ कॅप म्हणतात. तो काढून टाका, तीन पिनांची वायर लावा, हिरवी वायर चॅसीला वेगळ्या बोल्टने घट्ट, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली नको. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. ओरिजिनल वायर गेली म्हणून किंमत उतरते असं कुणी म्हणालं तर उतरू दे.

१०. वीस वर्षं माळ्यावर पडलेला ॲम्प मिळालाय. लावून बघू का एकदा?

"एकदा"च होईल. आपल्या वायरमन लोकांचा सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे मेनच्या फेजमध्ये एक १०० वॉटचा बल्ब. बल्ब फिलामेंटचाच हवा, एलईडी लावून काही कळणार नाही. आणि बल्ब स्टेपडाउनच्या आधी, २३० च्या बाजूला लावा, ११० च्या बाजूला आपला २३० चा बल्ब लावलात तर तो सगळं व्होल्टेज खाऊन बसतो आणि काहीच समजत नाही.

आधी सगळ्या ट्यूब काढा. चालू करा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर बहुतेक ठीक. तेजाने पेटूनच राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा, प्रश्न १९ वर जा. ठीक असेल तर फिल्टर कपॅसिटर बदला (पुढचा प्रश्न), मग रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी), मग बाकीच्या, स्पीकर लावलेला असताना. जुने कपॅसिटर हळूहळू व्होल्टेज वाढवून "जागे" करतात हे मला माहितीये, मी करत नाही. जागा झालेला म्हातारा कपॅसिटर कार्यक्रमाच्या मध्यातच परत झोपतो.

११. कपॅसिटर नक्की कुठले बदलायचे? दुकानात ४५० व्होल्टचेच मिळतायत.

तीन गट. एक, फिल्टर: डिलक्समध्ये चॅसीच्या वर पत्र्याच्या झाकणाखाली रांगेत, प्रिन्स्टनमध्ये एकाच डब्यात चार. दोन, बायसचा (प्रश्न १३) छोटा, जो उलटा बसतो, त्याचा प्लस ग्राउंडला जातो. सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, मीही चुकलोय, फुटला तेव्हा आवाज सुतळी बॉम्बसारखा आला. तीन, प्रीॲम्प म्हणजे सुरुवातीच्या छोट्या ट्यूबच्या कॅथोडवरचे २५ मायक्रोफॅरडचे.

४५० चं म्हणाल तर गणित बघा. डिलक्सच्या ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी (व्होल्टेज बाहेर देणारी बाजू) ३३०-०-३३०, त्याला १.४१४ ने गुणलं की ४६७. चालू ॲम्पमध्ये ४१५ दिसतात, पण पॉवर ट्यूब तापून करंट ओढायला लागेपर्यंतचे काही सेकंद व्होल्टेज त्या ४६७ च्या दिशेने चढतं. म्हणून ५०० व्होल्टचे घ्या. मिळत नसतील तर दुप्पट मायक्रोफॅरडचे दोन सिरीजमध्ये आणि प्रत्येकावर एक २२० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे दोघांत व्होल्टेज सारखं वाटलं जातं. पहिला फिल्टर "दणदणीत बास हवा" म्हणून शंभर मायक्रोफॅरडचा टाकू नका, रेक्टिफायर ट्यूबला तेवढा झटका झेपत नाही.

१२. ॲम्प घुमतोय / चरचरतोय / पॉप पॉप करतोय.

घुमणं दोन प्रकारचं. जाडसर कर्कश, १०० हर्ट्झचं, म्हणजे फिल्टर कपॅसिटर नाहीतर दोन पॉवर ट्यूब जुळत नाहीयेत. खोल मऊ ५० हर्ट्झचं म्हणजे फिलामेंटच्या वायरी, अर्थिंगची गडबड किंवा तुमच्या गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (गिटार काढून ऐका, गेलं तर ॲम्प निर्दोष). चरचर म्हणजे बहुतेक वेळा प्रीॲम्पच्या प्लेटवरचा १०० किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो. बटण फिरवताना खरखर आली तर आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, क्लीनर मारूनही जात नसेल तर बटणावर डीसी येतोय, म्हणजे आधीचा कपलिंग (सिग्नल पुढे नेणारा) कपॅसिटर गळतोय.

एकेक ट्यूब काढून आवाज कुठे थांबतो ते बघणं ही सगळ्यात सोपी तपासणी आहे. छोट्या ट्यूबच काढायच्या, रेक्टिफायरपासून सगळ्यात लांबच्या बाजूने सुरुवात करायची.

१३. नवीन ट्यूब टाकल्या, आता बायस करावा लागतो म्हणे. तो काय प्रकार आहे?

छोट्या ट्यूब (१२एएक्स७, तिलाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात) सरळ खोचा, काही करायचं नाही. चॅम्प आणि एसी-३० कॅथोड बायसचे, त्यांनाही बटण नाही, पण जुन्या एसी-३० मध्ये ईएल८४ पॉवर ट्यूब खूप तापतात आणि लवकर संपतात, तो त्यांचा स्वभाव आहे.

डिलक्स, ट्विन यांना लागतो. पॉवर ट्यूबला आराम करताना किती करंट द्यायचा ते ठरवणं म्हणजे बायस. कॅथोड आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर लावला की जितके मिलिव्होल्ट तितके मिलिॲम्प. साधारण ७० टक्क्यांचा नियम: डिलक्सच्या ६व्ही६ ची मर्यादा १२ वॉट, प्लेटवर ४१५ व्होल्ट, म्हणून ०.७ गुणिले १२ भागिले ४१५, म्हणजे २० मिलिॲम्प. ट्विनची ६एल६जीसी ३० वॉटची, ४५० व्होल्टला ४६-४७. त्याच्याही वर गेलात तर पत्रा लाल होतो. बायसचं व्होल्टेजच गायब झालं किंवा कपलिंग कपॅसिटर गळला तरी तेच होतं.

अडचण अशी की काही सिल्व्हरफेसमध्ये ते बटण बायसचं नसून बॅलन्सचं आहे. ते दोन्ही बाजू समान करतं, करंट कमीजास्त करत नाही, लोक तासभर फिरवत बसतात आणि मला मेसेज करतात. दोन वायरी आणि एक रेझिस्टर बदलून ते जुन्या पद्धतीचं करता येतं. प्रिन्स्टनमध्ये बटणच नाही, तिथे रेझिस्टर बदलून जुळवायचं.

१४. सगळं चालतंय पण ट्रेमोलो मेलाय. विकणाऱ्याने फसवलं का?

थांबा, भांडण उकरू नका. ट्रेमोलो म्हणजे आवाज लाटेसारखा कमीजास्त करणारा इफेक्ट. डिलक्स, ट्विन वगैरेंमध्ये फूटस्विच जोडलेला नसेल तर ट्रेमोलो चालतच नाही (पॅनेलवर त्याला व्हायब्रेटो लिहिलंय, ते चुकीचं आहे पण आता साठ वर्षं झाली). एक साधा आरसीए प्लग घ्या, आतली पिन आणि बाहेरची कडी तारेने जोडा, मागे व्हायब्रेटोच्या भोकात खोचा. दहातले निम्मे "मेलेले" ट्रेमोलो एवढ्यावर उठतात. नाहीच उठला तर त्याची १२एएक्स७ बदलून बघा, मग आतला काळा ठिपक्यासारखा पार्ट, ज्यात निऑन दिवा आणि प्रकाशावर चालणारा रेझिस्टर एकत्र गुंडाळलेले असतात.

रिव्हर्ब (स्प्रिंगांमधून येणारा घुमारा) नसेल तर आधी खालच्या स्प्रिंगांच्या पेटीच्या दोन केबल उलट्यासुलट्या झाल्यात का बघा, मग त्याची १२एटी७ ट्यूब. ॲम्प हलवल्यावर स्प्रिंगा धडाम वाजल्या म्हणजे पेटी ते ॲम्प हा परतीचा रस्ता तरी ठीक आहे.

१५. आजोबांच्या मर्फी रेडिओतले व्हॉल्व्ह वापरता येतील? भंगारातही बरेच दिसतात.

काही येतील, पण अक्षर वाचा. ई ने सुरू होणारे ६.३ व्होल्टचे, ते आपल्या कामाचे: ईसीसी८३, ईएल८४. यू ने सुरू होणारे १०० मिलिॲम्पच्या सिरीज फिलामेंटचे, पी वाले ३०० चे. यूएल८४ दिसायला ईएल८४ सारखाच पण खोचून उपयोग नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह अजून जुन्या दुकानात खोक्यासकट निघतात, मिळाले तर घ्या. नव्यांत स्लोव्हाकियाचे जेजे, रशिया आणि चीनचे, मुख्यतः एवढेच कारखाने उरलेत.

रेक्टिफायरची अदलाबदल मात्र जपून. ५यू४ चं फिलामेंट ३ ॲम्पिअर ओढतं, ५वाय३ चं २, त्यामुळे चॅम्पमध्ये ५यू४ बसतो म्हणून बसवू नका.

१६. कोकणात राहतो. पावसाळ्यात ॲम्प वेगळाच वाजतो, आवाज आपोआप कमीजास्त होतो. भूत?

ओल. जुन्या फेंडरचा आतला काळा बोर्ड पुठ्ठ्यासारख्या फायबरचा आहे आणि मेणात बुडवलेला असला तरी वर्षानुवर्षं तो हवेतलं पाणी पितो आणि मग स्वतःच थोडा करंट वाहून न्यायला लागतो. जिथे शून्य व्होल्ट हवा तिथे बोर्डावरच दोन-चार व्होल्ट मोजता येतात. हेअर ड्रायरने मध्यम उष्णतेवर (मेण वितळवू नका) सुकवलं की काही दिवस सरळ वागतो. कायमचं हवं असेल तर त्रास देणारे जोड बोर्डावरून उचलून हवेत करावे लागतात. बाकी जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, ट्यूबची ऊब हाच त्याचा ड्रायर आहे. भिंतीला टेकवून, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, बाहेरच्या कापडावर बुरशी येते आणि स्पीकरचा कागद मऊ पडतो.

१७. स्पीकरचे ओहम चुकले तर ॲम्प जळतो का? स्पीकर न लावता चालू केला तर?

डिलक्सला ८ ओहम, ट्विनला ४ (८ चे दोन पॅरलल). दुप्पट किंवा निम्मं फेंडर थोडा वेळ सहन करतो, सवय लावू नका. स्पीकरशिवाय चालू करून वाजवणं मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा (पॉवर ट्यूब आणि स्पीकरच्या मधला) जीव घेतं. फेंडरचा मुख्य स्पीकर जॅक असा आहे की प्लग काढला की तो शॉर्ट होतो, म्हणून चुकून झालं तर वाचण्याची शक्यता असते. मार्शलकडे हा भरवसा धरू नका. आणि स्पीकरला गिटारची केबल नको, जाड दोन तारांची स्पीकर केबल.

१८. ट्विन स्वस्तात मिळाला पण सोसायटीत नोटीस आली. दोन ट्यूब काढल्या तर?

चालतं. चारपैकी बाहेरच्या दोन किंवा आतल्या दोन, एका बाजूच्या नाही. पॉवर निम्मी होते, पण ट्रान्सफॉर्मरला आता ४ ऐवजी ८ ओहम हवेत, म्हणजे एक स्पीकर काढा. खरं सांगू का, ८५ चे ४० झाले तरी कानाला थोडाच फरक कळतो. नोटीस परत येईल.

१९. ट्रान्सफॉर्मर जळालाच. आता भंगार का?

प्रश्न १ मध्ये मी म्हटलं की तुम्ही लोखंड विकत घेता, म्हणून हे दुखतं, पण भंगार नाही. ज्याला तुम्ही विचारताय त्याचाही जळालाय, एका दुकानात सर्व्हिसला दिला होता, परत आला तेव्हा फ्यूजच्या जागी चांदीचा कागद होता. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे लोक आहेत ही आपली सोय आहे. डिलक्ससाठी सांगायचं असं: प्रायमरी २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, सेकंडरी ३३०-०-३३०, बायससाठी ५० व्होल्टचा टॅप, ५ व्होल्ट ३ ॲम्पिअर, आणि ६.३ व्होल्ट ४ ॲम्पिअर (दोन पॉवर ट्यूबचे ०.९, सहा छोट्यांचे १.८, वर दिवा आणि थोडी सवड). जुना मोजायला सोबत द्या, बोल्टची भोकं जुळली पाहिजेत हे बजावा. गंमत म्हणजे यानंतर स्टेपडाउनची कटकट कायमची गेली, प्रश्न ७ मधलं सगळं गणित फेकून द्या. फ्यूज मात्र मागे लिहिलेल्याच्या निम्म्या ॲम्पिअरचा, स्लो-ब्लो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर तो नवीन बाहेरून मागवा, गुंडाळणाऱ्याकडून नको, त्याच्या थरांची रचना आवाजावर येते.

२०. मंडपवाल्याकडे जुना व्हॉल्व्हचा लाउडस्पीकरचा ॲम्प्लिफायर धूळ खात पडलाय. गिटारला चालेल?

मस्त चालेल, आणि लोखंड तर फेंडरच्या तोडीचं असतं, २३० चं, ५० हर्ट्झचं, इथल्याच हवेत वाढलेलं. काम तीनच. आधी प्रश्न ८ ते ११ जसेच्या तसे लागू. मग माइकच्या इनपुटला १ मेगओहमचा रेझिस्टर आणि गिटारचा जॅक, कारण माइकच्या कमी ओहमच्या इनपुटला गिटार मरगळते. टोनचं सर्किट हवं तर नंतर बदला. स्पीकर ८ किंवा १६ ओहमच्या टर्मिनललाच लावायचा. त्याच पट्टीवर १०० व्होल्ट लाइन म्हणून एक टर्मिनल असतं, भोंग्यांसाठी, त्यावर आजच टेप चिकटवून ठेवा.